सागरसफरीत आजारपणाचा भार कोणावर?

समुद्रावरील आलिशान सफर ही एके काळी केवळ चित्रपटांत पाहावयाची गोष्ट होती. गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटले आहे. सिंगापूरहून निघणारी जहाजे, भूमध्य समुद्रातील सफरी, अलास्काच्या हिमनद्या यांची माहितीपत्रके आता नोकरदार कुटुंबांच्या घरीही दिसू लागली आहेत. 2021 मध्ये मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सफरी सुरू झाल्या आणि सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईतील बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून पत्नीसह एक तरी सागरसफर करावी, ही इच्छा अनेक खातेदारांच्या बोलण्यात येते. ती रास्तच आहे. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाने चार दिवस मोकळ्या वाऱ्यात घालवावेत, यात वावगे काहीच नाही.

मात्र या सफरीच्या तयारीचा क्रम पाहिला की एक गोष्ट खटकते. आधी जहाजाचे तिकीट, मग व्हिसा, मग परकीय चलन, मग कपडे आणि कॅमेरा. आणि निघण्यास दोन दिवस उरले असता प्रवासविमा. तोही ‘सर्वांत कमी हप्ता कोणता?’ एवढ्या एकाच प्रश्नाच्या आधारे निवडलेला. जमिनीवर आजारी पडणे आणि समुद्रावर आजारी पडणे यांत मूलभूत अंतर आहे. ते अंतर ध्यानात न घेता घेतलेला विमा ऐन वेळी कागदच ठरण्याची शक्यता असते.

जहाजावरचा दवाखाना

अशी कल्पना करावी, की सत्तरीकडे झुकलेले एक दांपत्य दहा दिवसांच्या सफरीवर आहे. तिसऱ्या रात्री गृहस्थांच्या छातीत कळ येते. घरी असते तर शेजाऱ्याने गाडी काढली असती आणि अर्ध्या तासात रुग्णालय गाठता आले असते. इथे सभोवार पाणी आहे. ताशी 20 सागरी मैल, म्हणजे सुमारे 37 किलोमीटर वेगाने चालणारे जहाज एका रात्रीत किनाऱ्यापासून कितीतरी दूर गेलेले असते.

मोठ्या प्रवासी जहाजांवर दवाखाना असतो, डॉक्टर व परिचारिका असतात. 2006 च्या सागरी श्रम करारानुसार ज्या जहाजावर 100 किंवा अधिक माणसे आहेत आणि जे सामान्यतः तीन दिवसांहून अधिक काळाचा आंतरराष्ट्रीय प्रवास करते, त्यावर पात्र डॉक्टर असणे बंधनकारक आहे. ईसीजी काढणे, प्राणवायू देणे, हृदयाला विद्युत् झटका देणारे उपकरण वापरणे, रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध टोचणे एवढे सहसा तेथे होऊ शकते. परंतु अँजिओप्लास्टी, मेंदूतील रक्तस्रावावरील शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळचा अतिदक्षता विभाग यांची अपेक्षा जहाजावर करता येत नाही. जहाजाच्या दवाखान्याचे काम रुग्णाला स्थिर करून किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत सांभाळणे हे आहे.

या सेवेचे शुल्कही आकारले जाते. तपासणी, औषधे, सलाईन यांची रक्कम प्रवाशाच्या केबिनच्या खात्यावर मांडली जाते व सफर संपताना वसूल होते. जेवण, करमणूक, निवास हे सारे तिकिटात आले, म्हणून डॉक्टरही तिकिटातच आला, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे.

समुद्रावरून किनाऱ्याकडे

रुग्णाला जहाजावरून हलवावयाचे की नाही, याचा निर्णय कप्तान डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतो. असा सल्ला दुरूनही मिळू शकतो. रोम येथे 1935 मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय रेडिओ वैद्यकीय केंद्र भर समुद्रातील जहाजांना वैद्यकीय सल्ला देण्यासाठीच अस्तित्वात आले आणि बिनतारी संदेशवहनाचा जनक मार्कोनी हा त्याचा पहिला अध्यक्ष होता. त्यानंतर कप्तानापुढे तीन मार्ग उरतात. जहाजाचा वेग वाढवून पुढचे बंदर गाठणे, मार्ग सोडून जवळच्या बंदराकडे वळणे, किंवा तटरक्षक यंत्रणेकडे नौका अथवा हेलिकॉप्टर मागणे.

हेलिकॉप्टर म्हटले की सुटका झाली, असे वाटते. प्रत्यक्षात चालत्या जहाजावरून रुग्णाला दोरखंडाने वर खेचून घेणे हे अतिशय जोखमीचे काम आहे. वारा योग्य दिशेने यावा म्हणून जहाजाचे तोंड वळवावे लागते, डेकवरील खुर्च्या, छत्र्या, टॉवेल अशी उडून जाणारी प्रत्येक वस्तू हलवावी लागते, प्रवाशांना उघड्या डेकवरून आत पाठवावे लागते. स्थिर विजेचा धक्का बसू नये म्हणून वरून सोडलेला आकडा डेकला टेकेपर्यंत कोणी हात लावीत नाही. अंधार आणि लाटा असतील तर हे सारे अधिकच बिकट होते. हेलिकॉप्टरचा पल्लाही मर्यादित असतो; जहाज त्यापलीकडे असेल तर ते टप्प्यात येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

आपल्या देशात ही जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. मुंबई, चेन्नई आणि अंदमानातील श्री विजयपुरम् (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील सागरी बचाव समन्वय केंद्रे हे काम पाहतात आणि 1554 हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. ऑगस्ट 2023 मधील एक प्रसंग बोलका आहे. चीनहून संयुक्त अरब अमिरातीकडे निघालेल्या एका संशोधन नौकेवरील चिनी कर्मचाऱ्याला मुंबईपासून सुमारे 200 किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात हृदयविकाराचा त्रास झाला. काळोखी रात्र आणि प्रतिकूल हवामान असतानाही दमणच्या तळावरील हेलिकॉप्टरने त्याला उचलून आणले, प्रथमोपचार केले आणि पुढील उपचारांसाठी त्याला जहाजाच्या प्रतिनिधीच्या हवाली केले.

या प्रसंगातील शेवटचे वाक्य पुन्हा वाचण्यासारखे आहे. रुग्णाला जहाजाच्या प्रतिनिधीच्या हवाली केले. त्या खलाशाला किनाऱ्यावर ताब्यात घेणारे, रुग्णालयात नेणारे, बिलाची हमी देणारे कोणीतरी होते. प्रवाशासाठी असे कोण असते?

खलाशाला धनी आहे, प्रवाशाला नाही

प्राण वाचविण्याचे काम आणि त्यानंतरचा खर्च या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करणे हे कप्तानाचे कर्तव्य आहे. 1912 मधील टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर 1914 मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 1979 च्या हॅम्बुर्ग येथील कराराने शोध व बचावकार्याची जागतिक घडी बसविली. संकटातील माणसाचे राष्ट्रीयत्व किंवा त्याची ऐपत पाहून बचावकार्य होत नाही. अमेरिकेचे तटरक्षक दल तर शोध व बचावासाठी शुल्कच आकारीत नाही. परंतु राज्यसंस्थेची ही जबाबदारी रुग्ण किनाऱ्यावर सुरक्षित पोहोचला की संपते. रुग्णालयाच्या दारात हिशेबाची वही उघडते, ती रुग्णाच्या नावाची.

जहाजावरील कर्मचाऱ्याची स्थिती निराळी आहे. गोवा आणि कोकणातील अनेक तरुण आज प्रवासी जहाजांवर स्वयंपाकघरात, केबिनमध्ये, इंजिनकक्षात नोकरी करतात. सागरी श्रम करारानुसार त्यांच्या आजारपणाचा आणि मायदेशी परतण्याचा खर्च जहाजमालकावर असतो. राष्ट्रीय कायद्याने उपचारखर्चाच्या या जबाबदारीला कालमर्यादा घातली, तरी ती 16 आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. भारताने हा करार 2015 मध्ये स्वीकारला.

आता वरील दांपत्याकडे वळावे. त्यांची केबिन झाडणाऱ्या रत्नागिरीच्या तरुणाला त्याच रात्री तोच आजार झाला, तर त्याच्या पाठीशी आंतरराष्ट्रीय करार उभा आहे. लाखो रुपये मोजून तिकीट काढलेल्या गृहस्थांच्या पाठीशी मात्र त्यांनी स्वतः विकत घेतलेल्या कागदाखेरीज काही नाही. तिकिटाच्या अटींमध्ये वैद्यकीय खर्च प्रवाशाचा, हे सहसा स्पष्ट लिहिलेले असते. खलाशाला कायद्याने धनी दिला आहे. प्रवाशाला आपला धनी स्वतः नेमावा लागतो. प्रवासविमा म्हणजे ही नेमणूकच होय.

या नेमणुकीचे मोल पैशापुरते नाही. रुग्णाला हेलिकॉप्टरने नेताना सोबत जोडीदाराला घेता येईलच असे नसते. पती एखाद्या अनोळखी शहराच्या रुग्णालयात आणि पत्नी पुढच्या बंदरापर्यंत जहाजावर, असे घडू शकते. त्या देशाचा व्हिसा नाही, भाषा येत नाही, औषधांची यादी बॅगेत राहिलेली. अशा वेळी विमा कंपनीची सहायता सेवा रुग्णालयाशी बोलते, अनामत रकमेची हमी देते, नातेवाइकांची सोय पाहते. अमेरिकेत 1986 च्या कायद्यानुसार आपत्कालीन रुग्णाला पैशाअभावी परत पाठविता येत नाही; परंतु बिल चुकत नाही. अन्य अनेक ठिकाणी तर दाखल करण्यापूर्वीच अनामत मागितली जाते.

त्यापुढचा टप्पा मायदेशी परतण्याचा. रुग्ण बसू शकत नसेल तर प्रवासी विमानातील अनेक आसनांच्या जागी स्ट्रेचर बसवावे लागते, त्या आसनांचे भाडे भरावे लागते, सोबत डॉक्टर किंवा परिचारिका न्यावी लागते. रुग्णवाहक विमानच लागले तर लांब पल्ल्याचा खर्च कोटीच्या घरात जाऊ शकतो. तीस वर्षांच्या नोकरीत साठविलेली मुदतठेव एका उड्डाणात संपण्याची ही गोष्ट आहे.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा, की घरचा आरोग्यविमा पुरेसा आहे. भारतातील बहुसंख्य आरोग्यविमा पॉलिसी भारतातील उपचारांपुरत्याच असतात. देशांतर्गत सफरीतही अडचण राहते. आपल्या आरोग्यविम्यात ‘रुग्णालय’ या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे. नोंदणी नसेल तर शहराच्या लोकसंख्येनुसार किमान 10 किंवा 15 खाटा, अहोरात्र डॉक्टर व परिचारिका, शस्त्रक्रियागृह अशा अटी तीत आहेत. जहाजावरचा दवाखाना या व्याख्येत बसणे कठीण. लक्षद्वीपच्या सफरीत प्रकृती गंभीर झाली, तर मोठ्या उपचारांसाठी कवरत्तीपासून सुमारे 400 किलोमीटरवरील कोचीकडे पाहावे लागते, याचाही विचार मुंबईच्या धक्क्यावर उभे असताना कोणी करीत नाही. देशांतर्गत सफरीला निघणाऱ्यानेही आपल्या पॉलिसीत हवाई रुग्णवाहिकेचा खर्च आहे का आणि किती मर्यादेपर्यंत, हे विचारून घ्यावे.

दुसरा गैरसमज कार्डाचा. ‘कार्डावर विमा फुकट आहे’ हे वाक्य शाखेत वारंवार ऐकू येते. कार्डासोबत मिळणारे संरक्षण बहुधा विमान अपघात, हरवलेले सामान अशा बाबींचे असते आणि त्यासाठी तिकीट त्याच कार्डावर काढणे यासारख्या अटी असतात. छातीत आलेली कळ हा अपघात नव्हे.

तिसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. त्यामुळे विमा म्हणजे व्हिसाच्या अर्जाला जोडावयाचा कागद, अशी धारणा होते आणि नेमक्या तेवढ्याच रकमेचा विमा घेतला जातो. किमान अट ही पुरेशा संरक्षणाची हमी नसते. शिवाय भूमध्य समुद्रातील सफर इटली, ग्रीसवरून तुर्कस्तान किंवा इजिप्तच्या बंदरात गेली, तर ती शेंगेन प्रदेशाबाहेर गेली. पॉलिसीची भौगोलिक व्याप्ती तिथवर आहे का, हे तपासले पाहिजे. व्हिसाच्या अधिकाऱ्याचे समाधान झाले म्हणजे समुद्राचे समाधान झाले असे नाही.

पॉलिसीत काय पाहावे

सागरसफरीसाठी विमा घेताना काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. पॉलिसी जहाजावरील प्रवासाला लागू आहे का? जहाजावरच घेतलेल्या उपचारांचा खर्च मिळेल का? समुद्रावरून किनाऱ्यावर नेणे आणि परदेशातून मायदेशी आणणे या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. त्या दोन्ही समाविष्ट आहेत का आणि त्यांची मर्यादा स्वतंत्र आहे की एकूण रकमेतच धरलेली आहे? सोबतच्या नातेवाइकाच्या मुक्कामाचा व परतीचा खर्च आहे का? दुर्दैवाने मृत्यू ओढवल्यास पार्थिव मायदेशी आणण्याची तरतूद आहे का? मार्गातील प्रत्येक देश व्याप्तीत येतो का? विमाधारकाने स्वतः सोसावयाची रक्कम किती?

याहून महत्त्वाचा प्रश्न पूर्वीपासूनच्या आजारांचा. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे ज्येष्ठ प्रवाशांचे नित्याचे सोबती. अनेक प्रवासविमा योजनांत या आजारांपासून उद्भवणारा खर्च वगळलेला असतो किंवा केवळ जीवघेण्या प्रसंगी आणि ठरावीक मर्यादेपर्यंत दिला जातो. ते माहीत असूनही हप्ता वाढेल या भीतीने आजार लपविला जातो. विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो. प्रस्तावपत्रात लपविलेली रक्तदाबाची गोळी रुग्णालयाच्या कागदपत्रांत उघडी पडते आणि मग वाचविलेल्या काही शे रुपयांपायी संपूर्ण दावा धोक्यात येतो.

प्रसंग ओढवलाच तर पहिला दूरध्वनी विमा कंपनीच्या सहायता केंद्राला करावा. रुग्णाला अन्यत्र हलविण्याचा खर्च मिळण्यासाठी त्या केंद्राची पूर्वसंमती ही बहुधा अट असते. पॉलिसी क्रमांक, सहायता केंद्राचा क्रमांक, औषधांची यादी आणि पारपत्राची प्रत हे सारे जोडीदाराजवळही असावे. घरातील सर्व कागद एकाच्याच हाती असण्याची आपली पद्धत अशा वेळी महाग पडते.

आक्षेप आणि मर्यादा

‘विमा कंपन्या हप्ता घेतात, दावा देत नाहीत’ हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो निराधार आहे असे म्हणून झटकता येणार नाही. अटींची भाषा क्लिष्ट असते, अपवादांची यादी लांब असते. परंतु त्यावरचा उपाय विमा न घेणे हा नसून वाचून घेणे हा आहे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या रकमेचा निवाडा मिळू शकतो. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

दुसरे म्हणणे असे, की मोठे संकट आले तर सरकार सोडविते. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावरून 119 भारतीयांना विशेष विमानाने मायदेशी आणले गेले, हे खरे. जहाजावरील 138 भारतीयांपैकी 132 कर्मचारी आणि केवळ 6 प्रवासी होते. परंतु ती जागतिक साथीची वेळ होती. एका प्रवाशाच्या मोडलेल्या खुब्यासाठी विशेष विमान निघत नाही.

विम्याच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. विमा हेलिकॉप्टरचा पल्ला वाढवू शकत नाही आणि वादळ थांबवू शकत नाही. अंटार्क्टिकाच्या सफरीत दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून ड्रेक सामुद्रधुनी ओलांडण्यासच साधारण दोन दिवस लागतात; तेथे कितीही रकमेची पॉलिसी वेळ विकत घेऊ शकत नाही. म्हणून ज्यांची प्रकृती अस्थिर आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि किनाऱ्याजवळून जाणारी, वारंवार बंदरास लागणारी सफर निवडावी. कधी कधी ‘यंदा नको’ हाच सर्वांत चांगला सल्ला असतो.

बँकेच्या काउंटरवर

या विषयात बँकेची भूमिका प्रेक्षकाची नाही. परकीय चलन घेण्यासाठी ग्राहक बँकेत येतो आणि अनेक बँका विमा कंपन्यांच्या प्रतिनिधी म्हणूनही काम करतात. म्हणूनच येथे दुहेरी सावधगिरी हवी. विमा हा अन्य सेवेची अट म्हणून ग्राहकाच्या गळ्यात मारावयाचा नसतो. त्याचप्रमाणे उद्दिष्टपूर्तीच्या घाईत सर्वांत स्वस्त पॉलिसी हाती ठेवून मोकळे व्हावयाचेही नसते. ग्राहकाला ‘कुठे जाणार?’ असे विचारून भागत नाही. ‘कशाने जाणार? वाटेत कोणकोणती बंदरे? वय किती? औषधे कोणती चालू आहेत?’ हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत आणि उत्तरे प्रस्तावपत्रात जशीच्या तशी उतरली पाहिजेत. याला दहा मिनिटे अधिक लागतील. त्या दहा मिनिटांवर पुढे एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत अवलंबून असू शकते.

ग्राहकाचेही कर्तव्य आहे. ज्या दिवशी सफरीची पहिली रक्कम भरली, त्याच दिवशी विम्याची चौकशी सुरू करावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकविले जाते. समुद्रावर तर चहूकडे पाणी असूनही ऐन वेळी विहीर खणता येत नाही. जहाजाने धक्का सोडण्यापूर्वी ती खणून ठेवलेली असेल, तर ते दांपत्य डेकवर निर्धास्तपणे सूर्योदय पाहू शकेल. आणि दुर्दैवाने वाईट रात्र आलीच, तर परक्या बंदरात त्यांचा हात धरणारे कोणीतरी असेल.